स्पेसर: दम्याच्या पंपाबरोबर घ्यायलाच हवी अशी नळी

आमचं वाईत मेडिकल आहे आणि मला लहानपणापासून दमा आहे. ज्या वस्तूबद्दल लिहितेय ती मी विकतेही आणि रोज वापरतेही, हे आधी सांगून ठेवते. कंपनीचं नाव घेणार नाही. बाजारातले बरेच प्रकार मी हाताळलेत. खरा फरक असतो तो झडपेत आणि जोडात, आणि तो कसा ओळखायचा ते खाली लिहिलं आहे.

स्पेसर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, वीतभर लांबीची पोकळ नळी. एका टोकाला पंप बसवायचं भोक, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची चोच, आणि चोचीच्या आत एक पातळ झडप. श्वास आत घेतला की झडप उघडते, बाहेर सोडला की मिटते. बहुतेक स्पेसर दोन भागांत येतात आणि मधे खटकन जोडायचे असतात. सेल नाही, वायर नाही. किंमत साधारण चारशे-पाचशे रुपये. काउंटरवर लोक ती हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "ताई, नुसत्या प्लॅस्टिकच्या नळीला एवढे पैसे? पंप द्या फक्त." तेव्हा जे मी रोज घाईघाईत सांगते ते इथे सावकाश सांगते.

दाबायचा पंप १९५६ साली अमेरिकेत रायकर कंपनीनं आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. औषध फवाऱ्यासारखं का देता येत नाही, हे तिनं विचारलं आणि तिथून काम सुरू झालं. कल्पना उत्तम होती, पण अडचणही तेव्हापासूनच आहे. पंप दाबला की औषध जोरात आणि गार होऊन बाहेर येतं. त्याच क्षणी श्वास आत घेतला, तोही सावकाश आणि खोल, तर ते छातीत जातं. थोडं पुढे-मागे झालं की बरंचसं औषध जिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथून पोटात जातं. नीट घेणाऱ्या माणसाच्याही फुप्फुसात साधारण दहा-वीस टक्केच पोचतं. धाप लागलेली असताना हात आणि श्वास कुणाचे जुळणार?

हे फक्त वाईतल्या गिऱ्हाइकांचं नाही. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक आढावा छापला गेला. त्यात चोपन्न हजारांवर माणसांचं पंप घेणं तपासलेलं होतं. अगदी बरोबर घेणारे निघाले ३१ टक्के. आणि चाळीस वर्षांत त्या आकड्यात सुधारणा नाही. मी तो आढावा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं ते यासाठी, की या माणसांना कुणीतरी औषध लिहून दिलं, कुणीतरी विकलं, त्यांनी ते रोज घेतलं, आणि तरी ते जिथे जायचं तिथे गेलं नाही.

स्पेसर लावला की ही जुळवाजुळव लागतच नाही. पंप हलवायचा, मागच्या भोकात बसवायचा, चोच दातांत धरून ओठ मिटायचे आणि एकदा दाबायचं. औषध नळीत फवारलं जातं. मोठे थेंब नळीच्या भिंतीला चिकटून तिथेच राहतात आणि बारीक कण हवेत तरंगतात. मग सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. एवढा दम नसेल तर पाच-सहा साधे श्वास नळीतच घ्यायचे, तरी चालतं. दुसरा फवारा हवा असेल तर पुन्हा हलवून, पुन्हा दाबून. दोन फवारे एकदम नळीत मारून एकाच श्वासात ओढणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि नळीतच राहतात.

आता वापरण्याबद्दल. वाईची हवा चांगली म्हणून लोक इकडे येतात, पण आमच्याकडे दम्याचे दोन हंगाम ठरलेले आहेत. ऊसतोड झाली की फडात पाचट पेटवतात आणि संध्याकाळी धूर खाली बसतो. त्यानंतर हळद शिजून, वाळून पॉलिशला जाते तेव्हा पिवळी धूळ उडते. या दोन्ही वेळी माझी छाती पहाटे भरते. नुसत्या पंपानं औषध घेत असे तेव्हा घशाला गार चटका बसायचा, पाठोपाठ खोकल्याची उबळ यायची आणि निम्मा श्वास तिथेच तुटायचा. स्पेसरमधून औषध मऊ येतं. उबळ येत नाही. स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाच्या, पंपानं आवाज बसणं आणि तोंडात पांढरी बुरशी येणं हे जे दोन त्रास होतात, तेही घशात औषध कमी साचल्यानं पुष्कळ कमी होतात. तरी चूळ भरून थुंकायचीच.

दोष आहेत, आणि ते सांगायलाच हवेत. पहिला म्हणजे आकार. पर्समध्ये मावत नाही, एसटीत बाहेर काढला की शेजारचा माणूस बघत बसतो. तरुण मुली याच कारणानं घेत नाहीत आणि मला त्यांची अडचण समजते. माझ्याकडे एक घरी असतो आणि एक छोटा, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये. दुसरा म्हणजे जोड. मी वापरलेल्या एका स्पेसरचा मधला जोड काही महिन्यांत सैल झाला आणि तिथून हवा निसटायला लागली. विकत घेताना दोन्ही भाग जोडा, चोच तळहातानं बंद करा आणि पंपाच्या भोकातून फुंकून पाहा. जोडातून हवा जाणवली तर दुसरा मागा. तिसरा दोष मला सगळ्यात खटकतो. आत येणारा कागद बारीक अक्षरातला आणि बहुधा इंग्रजीतला असतो. ज्या आजीला याची सर्वांत गरज आहे तिला तो वाचता येत नाही. मी मराठीत अर्ध्या पानाच्या सूचना छापून घेतल्या आहेत आणि प्रत्येक डब्यात घालते. हे काम बनवणाऱ्यांनी करायला हवं.

त्या कागदावर नसलेली किंवा कुणी न वाचलेली एक गोष्ट म्हणजे धुणं. कोरड्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज असते आणि ती औषधाचे बारीक कण भिंतीकडे ओढून घेते. म्हणून नवा स्पेसर आधी पातळ साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. फडक्यानं घासून पुसला की वीज पुन्हा तयार होते. पुढे महिन्यातून एकदा असंच करा. झडप कडक झाली, वाकडी झाली किंवा मिटेनाशी झाली की नळी बदलायची. रोजच्या वापरात वर्षभरात ती वेळ येते.

वाफेच्या मशीनशी, म्हणजे नेब्युलायझरशी, तुलना केल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण लोक दोन-अडीच हजार मोजून ते मशीन आनंदानं घेतात आणि या नळीला नाही म्हणतात. मशीनचा आवाज येतो, धूर दिसतो, म्हणून ते जोरकस वाटत असावं. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दम्याच्या अटॅकमध्ये स्पेसर आणि नेब्युलायझर यांची तुलना केलेली आहे. जीवावर बेतलेला अटॅक सोडला तर स्पेसरमधून दिलेलं औषध मशीनइतकंच काम करतं, आणि मुलांना तर तातडीच्या विभागात कमी वेळ थांबावं लागतं. लाइट गेली तरी नळी चालते. ग्रामीण भागात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि पैशांची खरीच अडचण असेल तर एक गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं घट्ट भोक पाडलं तर मुलांच्या अटॅकमध्ये ती बाटली दुकानातल्या स्पेसरइतकीच कामाला येते. भोक आणि पंप यांच्यात फट राहता कामा नये, एवढं जपायचं. रात्री अडचणीत हे आठवलं तर उपयोगी पडेल. ही माहिती मी काउंटरवरही देते, माझी विक्री कमी झाली तरी.

इथपर्यंत नळीचं झालं. पण नळीतून काय जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागितला जातो तो निळा पंप. साल्ब्युटामॉल. १९६९ साली ते बाजारात आलं आणि त्यानं असंख्य माणसांचे जीव वाचवले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंवर जे रिसेप्टर असतात त्यांना ते चिकटतं, आवळलेला स्नायू सैल पडतो आणि पाच मिनिटांत बरं वाटतं. चार-सहा तासांनी असर उतरतो. नलिकेच्या आत जे चाललेलं असतं त्याला मात्र ते हात लावत नाही.

आत काय चाललेलं असतं, ते फिनलंडच्या लाउरी लाइटिनेन यांनी १९८५ साली दाखवलं. दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेच्या अस्तराचे कण काढून त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. निरोगी नलिकेच्या आत उभ्या पेशींची रांग असते आणि त्यांच्यावर बारीक लव असते, ती धूळ आणि कफ वर ढकलत राहते. दम्यात, सौम्य दम्यातसुद्धा, ही रांग ठिकठिकाणी मोडलेली दिसली. लव असलेल्या पेशी गळतात, चिकट स्राव करणाऱ्या पेशी वाढतात, खालचा पडदा जाड होतो आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. शेताच्या बांधावरचा धूर माझ्या नवऱ्याला नुसता धूर असतो आणि माझी छाती भरवतो, याचं कारण ही उघडी पडलेली भिंत.

१९९२ साली त्यांच्याच गटानं नव्यानं दमा झालेल्या थोड्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नुसतं स्नायू सैल करणारं टर्ब्युटालिन, दुसऱ्याला ब्युडेसोनाइड, म्हणजे ओढायचं स्टिरॉइड. तीन महिन्यांनी पुन्हा कण काढून पाहिले. ब्युडेसोनाइड घेतलेल्यांच्या नलिकेत लव असलेल्या पेशी परत उभ्या राहिल्या होत्या आणि सूज आणणाऱ्या पेशी ओसरल्या होत्या. स्टिरॉइडचा रेणू पेशीच्या आत शिरतो, तिथल्या रिसेप्टरला धरून केंद्रकात जातो आणि सूज आणणाऱ्या जनुकांचं काम थांबवतो. या कामाला तास-दिवस-आठवडे लागतात. म्हणूनच लोकांना वाटतं की हा पंप "चालत नाही" आणि ते तो टाकून निळ्याकडे परत येतात.

मला फिनलंडचं कौतुक आहे ते पुढच्या पायरीसाठी. मायक्रोस्कोपमध्ये जे दिसलं ते त्यांनी देशभर राबवलं. १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा दम्याचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. दमा लवकर ओळखायचा, पहिल्यापासून सूज उतरवणारं औषध द्यायचं, आणि डॉक्टरांबरोबर नर्स व औषधदुकानातले फार्मासिस्ट यांनाही शिकवून कामाला लावायचं. दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस ५४ टक्क्यांनी कमी झाले. एका रुग्णामागचा वर्षाचा खर्चही ३६ टक्क्यांनी उतरला. औषधदुकानाला तिथे उपचाराचा भाग मानलं गेलं. मी बी.फार्म. झालेली बाई आहे, आणि पंप कसा घ्यायचा ते काउंटरवर दाखवून द्यायला मला दोन मिनिटं लागतात. हे आपल्याकडेही होऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

कारण आपली स्थिती वाईट आहे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातल्या नोंदी तपासून २००० साली सामी सुइसा यांनी दाखवलं, की वर्षभरात स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसा दम्यानं मरण्याचा धोका २१ टक्क्यांनी उतरत गेला. उलट बाजू ब्रिटनच्या २०१४ च्या चौकशीत दिसली. दम्यानं दगावलेल्या ज्या रुग्णांच्या नोंदी मिळाल्या, त्यांतल्या ३९ टक्के माणसांना आधीच्या वर्षात बाराहून अधिक निळे पंप लिहून दिलेले होते. म्हणून कुणी महिन्याच्या आत दुसऱ्यांदा निळा पंप मागायला आलं की मी थांबवून विचारते. रात्री उठावं लागतं का? जिना चढताना? डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलं? काहींना राग येतो. येऊ दे.

स्टिरॉइड म्हटलं की लोक हात मागे घेतात, आणि "पंप लागला की सुटत नाही" हे तर घरोघरी ऐकू येतं. त्यांना मी मात्रा दाखवते. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे, आणि तेही रक्तातून सगळ्या अंगभर, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. ज्यांना पंपाची भीती वाटते तीच माणसं वर्षानुवर्षं गोळ्या घेत असतात. सवय औषधाची लागत नाही. आजार लांबचा आहे, म्हणून औषध लांबचं.

२०१८ पासून यात एक मोठा बदल झाला आहे. सिग्मा नावाचे दोन प्रयोग झाले, सौम्य दम्याच्या काही हजार रुग्णांवर. ब्युडेसोनाइड आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप फक्त त्रास होईल तेव्हा घेतला, तर त्यांतल्या एका प्रयोगात नुसतं स्नायू सैल करणारं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत गंभीर अटॅक ६४ टक्क्यांनी कमी आले, आणि स्टिरॉइड लागलं ते रोज घेणाऱ्यांच्या १७ टक्के. ते प्रयोग कोरड्या पावडरीच्या यंत्रावर होते, आपल्याकडे हीच जोडी दाबायच्या पंपातही मिळते. २०१९ साली 'जीना' या जागतिक दमा संस्थेनं मोठ्या माणसांना आणि किशोरांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलं. माझ्या डॉक्टरांनी मला या जोडीवर आणलं आणि माझ्या पहाटा बदलल्या.

इथे एक सावधगिरी, खास मेडिकलवाल्यांसाठीही. फॉर्मोटेरॉल मिनिटांत काम सुरू करतं. त्याच जातीचं साल्मेटेरॉल करत नाही, त्याला बराच वेळ लागतो. साल्मेटेरॉल आणि फ्ल्युटिकासोन (हे स्टिरॉइड) यांचा पंप दिसायला सारखाच, नावंही कानाला जवळची. "ते नाही, हे घ्या, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. चिठ्ठीवरची दोन्ही नावं खोक्यावरच्या नावांशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा. आणि त्रास होताना दिवसात किती फवाऱ्यांपर्यंत जायचं, कुठल्या क्षणी दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

खरेदीबद्दल राहिलेलं थोडं. कॅप्सूल फोडून ओढायचं जे यंत्र असतं त्याला स्पेसर लागत नाही आणि चालतही नाही, तो फक्त दाबायच्या पंपासाठी. पाच वर्षांखालच्या मुलाला चोचीऐवजी मास्क लावावा लागतो आणि तो बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो. मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट बसला पाहिजे, डोळ्यांना लागता कामा नये. मूल बरोबर आणा, चेहऱ्याला लावून बघूनच घ्या. रडणाऱ्या मुलाला औषध जवळजवळ जातच नाही, म्हणून आधी रिकाम्या नळीशी खेळू द्या. पंपावर फवारे मोजणारा आकडा आहे का ते पाहा. नसेल तर खोक्यावर सुरुवातीची तारीख लिहा आणि रोजचे फवारे धरून तो कधी संपेल ते कॅलेंडरवर मांडून ठेवा, कारण औषध संपल्यावरही पंपातून नुसता वायू फुसफुसत राहतो. पाण्यात तरंगवून पाहायची जुनी युक्ती भरवशाची नाही.